पहिलं सिझर झालंय, दुसऱ्या वेळी काय? नॉर्मलचा प्रयत्न की ठरवून सिझर

एकदा सिझर म्हणजे कायम सिझर, हे अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली लिहिलं. तेव्हा गर्भपिशवीवर उभा छेद घेत आणि कळांच्या जोराने तो व्रण उसवायची भीती मोठी होती. आता छेद बहुतेक वेळा खालच्या बाजूला, आडवा असतो. तरी आधी जुन्या ऑपरेशनचे कागद शोधा. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून पिशवीवरचाही आडवाच असेल, असं नाही. पिशवीवर उभा छेद असेल किंवा वार (प्लासेंटा) पिशवीच्या तोंडावर आली असेल, तर सिझरच.

एकच आडवा छेद असेल, तर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साधारण ७२ ते ७५ जणींना ते जमतं. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल, तर त्याहून जास्त. व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एकीला, पण तसं झालं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. म्हणून भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशनची सोय रात्री-अपरात्रीही हाताशी असेल, तिथेच हा प्रयत्न करावा.

ठरवून केलेल्या सिझरला तारीख मिळते, साधारण ३९ आठवडे भरल्यावरची. घरची व्यवस्था लावता येते, कळा सोसून शेवटी घाईघाईने सिझर, ही वेळही येत नाही. पण प्रत्येक व्रणागणिक पुढची वार त्यात रुतून बसण्याची शक्यता वाढते. तिसरं मूल हवं असेल, तर याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

माझा निर्णय मात्र थोरल्यामुळे झाला. पहिल्या सिझरनंतर कुशीवर वळून, कोपरावर भार देऊन उठावं लागे. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट दाबून धरायची. तेव्हा सांभाळायला तान्हं बाळ तेवढं होतं. आता समोर दोन्ही हात वर करून ‘उचल’ म्हणणारं पोर, आणि डॉक्टरांची सूचना अशी की काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. आधीच आई वाटली गेलेली, त्यात तिने उचलूनही घ्यायचं नाही, हे माझ्या गळी उतरेना.

मी नॉर्मलचा प्रयत्न केला आणि ते जमलं. सोपं नव्हतं. बाळाचे ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरचा पट्टा सारखा सरकायचा, तो नीट बसवेपर्यंत कळेतही हलता येत नसे. खालच्या टाक्यांमुळे बसणं नकोसं व्हायचं. पण घरी आल्यावर थोरल्याला कडेवर घेता आलं. प्रत्येकीचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर माझा कल नॉर्मलच्या प्रयत्नाकडे आहे.

दिवस भरून गेले आणि कळा आल्याच नाहीत तर काय, हे आधीच बोलून ठेवा. औषधाने कळा आणल्या तर व्रण उसवण्याचा धोका वाढतो. आमचं त्या वेळेसाठी सिझरच ठरलं होतं.