एचआयव्ही आणि मेंदूलहरी : पी-३०० चाचणी कितपत कामाची?

साधा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, इथे फारसा उपयोगी नाही. एचआयव्हीचा मेंदूवरचा सुरुवातीचा परिणाम त्यात बहुधा निसटतो. पी-३००, म्हणजे ठरावीक आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते पाहणारी चाचणी, जास्त बोलकी. कानात १००० हर्ट्झचा 'टूं' वाजत राहतो, पाचांत एखादा २००० हर्ट्झचा बारीक 'टीं' येतो. रुग्णाने मोजायचा फक्त तोच. त्यानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांनी पीझेड इलेक्ट्रोडच्या (टाळूच्या जरा मागे लावलेल्या लहरी टिपणाऱ्या चकतीच्या) आलेखात उंचवटा उमटतो. तो उशिरा आला किंवा बुटका राहिला तर शंका घ्यायची. लक्षणं नसलेल्या काही रुग्णांतही असा उशीर आढळला आहे, आणि चाचणीची खरी जमेची बाजू हीच.

घोळ होतो तो तयारीत. केसांना तेल असेल तर इलेक्ट्रोडखालचं जेल धरत नाही. त्वचा हलकी घासून इम्पीडन्स (त्वचेचा विजेला होणारा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणावाच लागतो. पापणी लवली की तो तुकडा बाद. म्हणून ३०-४० स्वच्छ 'टीं' हातात येईपर्यंत थांबावं. दहा-बारांवर उरकलेल्या आलेखात उंचवटा कुठला आणि गोंगाट कुठला, कळत नाही. रुग्ण पेंगत असेल तर विचारूच नका.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे हा उशीर एचआयव्हीचाच, असं सांगता येत नाही. वय, नैराश्य, दारू, झोपेची औषधं, सगळ्यांनी तो वाढतो. त्यामुळे आकडा वयानुसारच्या तक्त्याशी ताडून पाहावा, स्मृती-एकाग्रतेच्या लेखी चाचण्या जोडीला हव्यातच, आणि पुढची तपासणी त्याच यंत्रावर, त्याच आवाजात करावी.