व्हर्मीर की व्हॅन गॉग: कामाच्या दोन तऱ्हा

योहानेस व्हर्मीरची (१६३२–१६७५) आज ओळखली जाणारी चित्रं जेमतेम ३५-३७. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं २७व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत ८५०च्या आसपास तैलचित्रं केली. दोघेही डच, पण काम करण्याची रीत अगदी वेगळी.

व्हर्मीरचं ‘दूधवाली’ जवळून पाहा. मागच्या पांढऱ्या भिंतीत एक खिळा आहे, त्याची बारीकशी सावलीही आहे. निळ्यासाठी तो महागडा लाजवर्द, म्हणजे निळ्या दगडाच्या पुडीचा रंग, सढळ हातानं वापरायचा, घरात पोरांचा गोतावळा असतानाही. तो गेल्यावर पावाचं देणं ६१७ गिल्डर निघालं आणि त्यापोटी बायकोनं दोन चित्रं बेकरीवाल्याकडे ठेवली.

व्हॅन गॉग घराबाहेर, वाऱ्यापावसात उभा राहून रंगवायचा. १८८२ मध्ये स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावर केलेल्या समुद्राच्या चित्रात वाळूचे कण आजही रंगात अडकलेले आहेत. खर्चाचा भार धाकट्या भावावर, थिओवर. व्हॅन गॉगला लोक झपाटलेला समजतात. मला ते अर्धवट वाटतं. त्याची पत्रं वाचली की दिसतं, कुठल्या रंगाशेजारी कुठला ठेवायचा याचा तो किती शिस्तीत विचार करत असे.

मन व्हर्मीरवर जडतं, हे खरं. पण नुकतंच रंगवायला लागलेल्यानं व्हॅन गॉगची रीत धरावी, असं मला मनापासून वाटतं. हात वळायला पुष्कळ चित्रं करावी लागतात. एकाच चित्रावर महिनोन्‌महिने बसणं नंतरही जमेल.