बाकी भाडं अडकलंय? संघटना, लोकअदालत, एमएसएमई परिषद आणि कोर्ट: कुठला रस्ता कुणासाठी

माल उतरला, पोच (माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती) जमा झाली आणि माल घेऊन गाड्या भाड्याने लावणाऱ्या हुंडेकऱ्याचं "सोमवारी टाकतो" सुरू झालं, की एक-दोन गाड्यांच्या मालकाला चहूकडून सल्ले मिळतात. कुणी म्हणतं वकिलाची नोटीस पाठवा, कुणी म्हणतं संघटनेत जा. रस्ता निवडण्याआधी रक्कम बघायची असतेच, पण त्याआधी कागद बघा.

देणेकरी नेमका कोण, हे कागदावरून ठरतं. दलालाने नुसती गाडी लावून दिली आणि भाडेचिठ्ठी ट्रान्सपोर्ट कंपनीची असेल, तर मागणी कंपनीकडे करायची. चिठ्ठीही दलालाची आणि ॲडव्हान्सही त्याच्याच खात्यातून आला असेल, तर "मी फक्त मध्ये होतो" असं म्हणून त्याला सहज अंग काढता येणार नाही. म्हणून ॲडव्हान्स खात्यावर घ्या आणि ठरलेलं भाडं, हॉल्टिंगचा (गाडी खोळंबल्याचा) दर आणि वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कुणी द्यायची हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

दुसरा कागद पोच. पूर्ण भाडं बुडवणारे कमी, कापून देणारे जास्त: दोन गोणी ओल्या, चाळीस किलो शॉर्टेज, गाडी उशिरा पोचली. अशा वेळी पोचेवर काय लिहिलंय यावर सगळं ठरतं. नुसता शिक्का पुरेसा नाही. गाडी गेटवर लागल्याची वेळ, खाली झाल्याची वेळ, सही करणाऱ्याचं नाव आणि मालाबद्दलचा शेरा हे सगळं त्यावर हवं. ड्रायव्हरने तिथेच दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. मूळ पोच देताना झेरॉक्सवर "मिळाली" अशी तारखेसह सही घ्यावी. हॉल्टिंगच्या वादात फास्टॅगच्या नोंदीही कामी येतात, कारण शेवटचा टोल किती वाजता कापला गेला ते त्यात दिसतं.

आता रस्ते. रक्कम लहान आणि हुंडेकरी आपल्याच तळावरचा असेल, तर आधी संघटना. तिथे कायद्याचा जोर नाही, पण चार जणांसमोर नाव खराब होण्याची भीती असते आणि पैसे लवकर सुटतात. समोरचा इंदूरचा किंवा दिल्लीचा असेल, तर हा जोर बराच कमी पडतो.

लोकअदालत मला लहान रकमेसाठी कोर्टापेक्षा कितीतरी बरी वाटते. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो आणि कोर्ट फी लागत नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ मिळतं आणि तिच्यावर अपील नाही. अडचण एकच, समोरचा आला आणि कबूल झाला तरच हे जमतं.

मोठी किंवा साचलेली बाकी असेल आणि समोर बाहेरगावची कंपनी असेल, तर एमएसएमई परिषद, म्हणजे लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी सरकारी परिषद. मालवाहतूक ही सेवा असल्याने गाडीमालकाला उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) मिळते, तीही फुकट. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज. नाशिकचा मालक अहमदाबादच्या कंपनीविरुद्ध महाराष्ट्रातच अर्ज करू शकतो. परिषदेच्या निकालाला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. निकालासाठीची कायद्यातली ९० दिवसांची मुदत मात्र प्रत्यक्षात अनेकदा पाळली जात नाही, तेव्हा तेवढ्यात पैसे येतील असं धरून हप्त्याचं गणित मांडू नका. आणि नोंदणी भाडं करण्याआधीच करून ठेवा, वाद झाल्यावर धावपळ करून केलेल्या नोंदणीवर विसंबू नका.

हाती न वटलेला चेक असेल तर चेकसंबंधीच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ सगळ्यात धारदार, पण तारखा कडक आहेत. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात तक्रार. चेक आपल्या खात्यात भरला असेल तर केस आपल्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालते. चेक नसेल पण रक्कम लेखी कराराने पक्की असेल, तर समरी दावा (झटपट चालणारा दिवाणी दावा) लावता येतो. वकिलाची फी धरता तो लाखाच्या पुढच्या बाकीलाच परवडतो, असं माझं मत आहे.

एका सल्ल्याला मात्र मी ठाम नाही म्हणेन: मागच्या बाकीसाठी पुढच्या खेपेचा माल अडवून धरणं. त्या मालाच्या मालकाचा तुमच्या बाकीशी काही संबंध नसतो. त्याने फिर्याद दिली आणि वाहतूकदाराने केलेल्या विश्वासघाताचं कलम लागलं, तर भारतीय न्याय संहितेच्या ३१६(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाडीही ठाण्यात उभी राहते. वीस हजारांच्या बाकीपायी गाडीचा हप्ता थकवू नका.

कुठलाही रस्ता धरा, पण वाट बघण्यात दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत घालवू नका. हुंडेकरी वेळ मागत असेल तर जरूर द्या, फक्त "अमुक इतकी बाकी देणं आहे" असं त्याच्या सही-तारखेनिशी लिहून घ्या. मुदत संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजली जातात.