आईच्या छातीवरच्या गाठींसाठी इलेक्ट्रोकीमोथेरपी: मुंबईतला आमचा अनुभव

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक देऊन झाले, तरी आईच्या व्रणाभोवती कातडीवर लालसर गाठी उठल्याच. पुढे त्या फुटल्या. रक्त, पाणी आणि वास. वास कमी करणारी मेट्रोनिडाझोलची पूड लावून गॉज बदलायचं, की तासाभरात ब्लाउज परत ओला. लालबागच्या आमच्या चाळीत दारं दिवसभर उघडी असतात. आईने मात्र आमचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की 'कंबर धरलीय' म्हणायची.

उपनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात ही उपचारपद्धत करून घेतली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, याचे त्यांना पूर्ण गुण. ब्लिओमायसिन हे कॅन्सरवरचं जुनंच औषध, पण ते पेशीत सहज शिरत नाही. ते शिरेतून दिल्यावर आठेक मिनिटांनी गाठीत सुया टोचून विजेचे झटके देतात. एका वेळी आठ झटके, प्रत्येक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात पेशीच्या आवरणाला भोकं पडतात, औषध आत जातं आणि भोकं पुन्हा बुजतात. फ्रान्समध्ये माणसांवरचे पहिले प्रयोग 1991 साली प्रसिद्ध झाले, म्हणजे हा काही कालपरवाचा शोध नाही. झटक्यांनी स्नायू आखडतात, म्हणून आईला पूर्ण भूल दिली. या औषधाचा फुफ्फुसांना धोका असतो, त्यामुळे आधी त्यांची तपासणीही नीट केली.

सिस्टर फार चांगल्या. अंग खाजवू नका, चिकटपट्टी ओढू नका, या औषधामुळे तिथे काळे पट्टे उठतात, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. जखम आधी जास्त वाईट दिसते, ओली होते, मग काळी खपली धरते, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. 'थोडं दुखेल' एवढंच. आई रात्रभर कण्हत होती आणि हॉस्पिटलचा फोन नुसता वाजत होता. सुया एकदाच वापरून टाकतात, त्यांचे पैसे अंदाजपत्रकात नव्हते, बिलात मात्र आले.

तरीही मी हा उपचार पुन्हा निवडेन. रक्त थांबलं, वास गेला. खपल्या पडल्यावर लहान गाठी दिसेनाशा झाल्या. काखेजवळची मोठी आक्रसली, पण आहे. गरज पडली तर पुन्हा करता येतं. सुयांचे तपकिरी ठिपके राहिलेत, त्याचं आईला काही नाही. ती इस्त्रीचा ब्लाउज घालून गॅलरीत भाजी निवडते, शेजारणींशी तासन्‌तास बोलते. आतल्या आजाराला याचा उपयोग नाही, त्याच्या गोळ्या चालूच आहेत. हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं होतं.

पेसमेकर असेल किंवा फुफ्फुसांचा जुना आजार असेल तर आधीच सांगा. सुयांसकट खर्च लेखी मागा. आणि तारीख आठवड्याच्या सुरुवातीची घ्या, कारण तिथली ड्रेसिंग रूम रविवारी बंद असते.