कुस्कोतलं हातविणीचं दुकान: शाल घ्यायची तर आधी काठ बघा

पेरूतल्या कुस्को शहरात आवेनिदा एल सोल या रस्त्यावर ‘सेंत्रो दे तेक्स्तिलेस त्रादिसिओनालेस देल कुस्को’चं दुकान आहे. निल्दा कायान्याउपा आल्वारेस यांच्या पुढाकाराने १९९६ साली उभी राहिलेली ही संस्था चिंचेरो, पितुमार्का, आच्चा आल्ता अशा दहा गावांतल्या विणकरांबरोबर काम करते. भाव बाजारापेक्षा बराच चढा. तरी अस्सल ‘यिक्या’, म्हणजे तिथल्या बायका खांद्यावर घेतात ती शाल, हवी असेल तर इथेच घ्यावी.

कमरेला बांधायच्या मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, कापतच नाहीत, त्यामुळे कापडाचे चारही काठ बंद असतात. टोकं कापून दुमडून शिवलेली दिसली, तर तो माल पायमागावरचा किंवा यंत्रावरचा. विणत विणत शेवटची चार बोटं उरली की ताण्याच्या दोन थरांतली फट इतकी अरुंद होते की बाणा, म्हणजे आडवा धागा, सुईने ओवावा लागतो. त्या पट्ट्यात नक्षी थोडी विस्कटते. दोष समजून अशी शाल परत ठेवू नका. शाल दोन पट्ट्या जोडून होते, तेव्हा मधल्या शिवणीवर नक्षीच्या रेघा जुळतात का तेही बघा.

सूत दुपदरी आणि कडक पिळाचं हवं. लामा या लोकरी प्राण्याच्या हाडापासून केलेल्या ‘रुकी’ या हत्याराने बाणा ठोकताना सैल सुताला लव सुटते, धागे एकमेकांत गुंततात आणि नक्षी पुसट होते.

रंगांची गंमत मात्र वेगळीच. निवडुंगावरचे कोचिनील किडे वाळवून कुटतात. तुरटी लावलेल्या लोकरीवर त्यांचा गडद लाल चढतो, लिंबू पिळलं की तोच शेंदरीकडे झुकतो. चिल्का या झुडपाच्या पाल्यात मोरचूद घातलं की हिरवा, कोय्ये या झाडाच्या फुलांचा पिवळा. हिराकसाने रंग काळपट, जांभळट होतात, पण ते जास्त झालं तर लोकर ठिसूळ होते. म्हणून गडद पट्टे बोटांनी हलकेच ताणून बघावेत. ओला पांढरा रुमाल लाल भागावर घासा. किंचित रंग लागला तर धुलाई कमी पडलेली असते, भरपूर लागला तर रंग नीट बसलेलाच नाही.

पितुमार्काची ‘तिक्या’ वीण दिसली तर थांबून बघाच. त्यात ताण्याचे धागेच मध्येच रंग बदलतात, एकमेकांत अडकवलेले. वेळखाऊ काम, म्हणून महाग. पैसे बेताचे असतील तर बटव्यांच्या नादी न लागता ‘चुंपी’ हा कमरपट्टा घ्या. विणकराचा हात त्यात पुरता दिसतो.

घरी कपड्यांची पावडर किंवा सोडा अजिबात नको, क्षाराने कोचिनीलचा लाल जांभळट होतो. थंड पाण्यात सौम्य शांपू, न पिळता सावलीत आडवं वाळवणं. पावसाळ्याआधी पूर्ण सुकवून, कसर लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.