एक फुटी दगडी जाते : सहा महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर सोलापूर रस्त्यालगत पाल टाकून बसलेल्या एका पाथरवटाकडून मी काळ्या दगडाचे जाते विकत घेतले. व्यास 1 फूट, दोन्ही तळ्या (वरचा आणि खालचा दगड) मिळून वजन 30 किलोच्या आसपास, खुंटा बाभळीचा आणि किंमत 2,200 रुपये. “लग्नासाठी हवंय का दादा? मग हे लहान न्या,” असे त्याने आधी सुचवले, कारण हल्ली जात्याला गिऱ्हाईक येते ते बहुधा हळद दळण्याच्या विधीपुरतेच. मला रोज दळायचे आहे म्हटल्यावर मात्र त्याने मागच्या रांगेतले एक जाते पुढे ओढले, वरची तळी उचलून आतल्या अंगाला छिन्नीने कोरलेले टाके दाखवले आणि त्यांवरून बोट फिरवून पाहायला सांगितले. शोभेची लहान जाती घेऊन त्यांवर दळायला कोणी बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्यांचे वजन अपुरे असते आणि पीठ हवे तसे पडत नाही.

हे जाते घेण्यामागे पिठाचा विचार होता, मनःशांतीचा नव्हता. बाजरीचे पीठ दळून आठवडा उलटला की कडवट लागू लागते, म्हणून ते थोडे थोडे आणि ताजे हवे होते. ती अपेक्षा पूर्ण झाली. हाताने फिरवलेल्या जात्याचे पीठ गिरणीच्या पिठासारखे गरम होत नाही, आणि त्याच दिवशीच्या पिठाची भाकरी थापताना कडेला कमी चिरते. वरच्या तळीखाली मधल्या खिळीला कापडाची चकती घातली की दोन दगडांत अंतर पडते आणि त्याच जात्यावर तुरीची डाळ किंवा लापशीची भरड निघते.

सुरुवातीचा त्रासही सांगितला पाहिजे. नव्या जात्यातून दगडाची कच येते. मी ते ब्रशने धुऊन, वाळवून, तीन वेळा कोंडा आणि दोन वेळा तुकडा तांदूळ दळून टाकून दिला, तरी पहिल्या भाकरीत कच लागलीच. दळण फेकून देण्याची ही पाच आवर्तने ज्यांना जड वाटतात त्यांनी जात्याच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या आठवड्यात पाव किलो ज्वारीला मला अर्धा तास लागत असे आणि उजवा खांदा दुखून येत असे.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट दुसऱ्या आठवड्यात कळली. जात्याला घाई चालत नाही. खुंटा जोरात ओढला की पीठ जाडसर पडते, आणि मुठीतली वैरण, म्हणजे दळायचे धान्य, जात्याच्या तोंडात एकदम ओतली की दगड जड होऊन अडखळतो. उजव्या हाताची फेरी आणि डाव्या हाताची चिमूटभर वैरण यांचा मेळ बसला, की घरघर एकसारखी होते आणि कडेने पिठाची पांढरी रेघ सारख्या जाडीने उतरू लागते. मन दुसरीकडे गेले की ते आधी कानाला कळते, कारण आवाज बदलतो. मी यापूर्वी पहाटे डोळे मिटून बसण्याचे पुष्कळ प्रयत्न केले होते आणि प्रत्येक वेळी दिवसभराच्या कामांची यादीच डोळ्यांपुढे येत राहिली. इथे परत येण्यासाठी एक दगड समोर असतो. सह्याद्रीचा हा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, हे मी शाळेत शिकलो होतो. त्याच्यावर हात ठेवून रोज अर्धा तास बसल्यावर आदल्या दिवशीच्या कार्यालयातल्या बोलण्याचे ओझे खरोखरच हलके होते.

तरीही ही शांतता मला आयती मिळालेली आहे, याची जाणीव सुटू नये. ज्या बायकांनी पहाटे चारला उठून घरच्या दहा माणसांचे दळण दळले, त्यांना तो पर्याय नव्हता, आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांच्या खांद्यांवरचा मोठा भार उतरला. त्या कष्टातच त्यांनी ओवी जोपासली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, लेकीची माया आहे. पंढरपुराजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते म्हणून एक जाते दाखवतात. लहानपणी तिथे मला विठ्ठल दळू लागला ही कथा चमत्कार म्हणून आवडली होती. आता त्यात दुसरे काही दिसते: एकटीने ओढायच्या खुंट्यावर दुसरा हात असावा, ही किती जुनी इच्छा आहे.

ते मला आईमुळे उमगले. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. फेब्रुवारीत ती राहायला आली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बराच वेळ आवाज ऐकत राहिली आणि म्हणाली, “वैरण जास्त होतीये तुझी.” मग समोर पाय पसरून बसली आणि माझ्या मुठीच्या वर तिने खुंटा धरला. दोन हातांनी दगड इतका हलका झाला की मीच चमकलो. चार-सहा फेऱ्यांनंतर ती पुटपुटू लागली, पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, आणि पाचव्या ओवीत तिने माझ्या आजीचे नाव घेतले. पन्नास वर्षांत मी आईला गाताना ऐकले नव्हते. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपत असे आणि ती दळत असे, हेही तिनेच त्या दिवशी सांगितले.

घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. वरच्या मजल्यावर राहत असाल तर जात्याखाली जाड गोणपाटाची दुहेरी घडी घाला, नाहीतर खालच्या घरी घरघर पोचते. ओले धान्य घालू नका, टाके भरून जातात. दळण संपल्यावर पीठ ओल्या फडक्याने न पुसता केरसुणीच्या लहान कुंच्याने झाडा. माझ्या वापराला वर्षभरात एकदा टाकी लावावी, म्हणजे झिजलेले टाके पुन्हा कोरून घ्यावे लागतील, असे पाथरवट म्हणाला होता. अजून तशी गरज पडलेली नाही, पण टाकी लावणारा आपल्या भागात येतो का याची चौकशी विकत घेण्याआधीच करून ठेवावी.

आई आता महिन्यातून दोनदा येते. वैरण तीच घालते.