परसात बांधलेलं एस्टीमचं इंजिन: अकरा महिने, 9,000 किलोमीटर

आधी आकडे सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. गाडी 2003 सालची मारुती एस्टीम. इंजिन तिचंच, जी13बीबी, 1,298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीच्या कागदावर 85 बीएचपी. आता अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालून 1,316 सीसी झालंय, कॉम्प्रेशन रेशो 10.2, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम घासून घेतलेला, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पीडुइनो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, चाकांपाशी 84 बीएचपी भरले. इंजिन खोलायच्या आधी त्याच रोलरवर 66 होते. खर्च ठरवला होता साठ हजार, झाला एक लाख बासष्ट हजार. त्यातले चाळीसेक हजार माझ्या एका चुकीचे.

हेच इंजिन का, तर एस्टीम 1994 ते 2007 विकली गेली, जिप्सीतही हीच जात, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने रिकामा झाला की एकटा माणूस उचलून कट्ट्यावर ठेवतो. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर शर्यतीच्या एलजीबी फॉर्म्युला गाड्या सुझुकीच्या 1300 वरच पळत आल्यात, तेव्हा हे इंजिन मार सहन करतं हे माहीत होतं. शिवाय मूळ ब्लॉक ठेवला की आरसी बुकातला इंजिन नंबर तोच राहतो. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचं तर आरटीओची परवानगी लागते, त्या वाटेला मी गेलो नाही.

कोल्हापुरात राहत असल्याचा फायदा म्हणजे वर्कशॉपांचं उद्यमनगर. बोअरिंग (सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, मोठं करणं), होनिंग (तो दगडाने घासून मापाला आणणं), हेड फेसिंग, सगळं सायकलच्या टप्प्यात. तोटाही तोच. तिथं रोज ट्रॅक्टरची इंजिनं उघडतात, त्यामुळे "शंभरात दोन इकडं तिकडं चालतंय की" हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकावं लागतं. ज्यांच्याकडे ब्लॉक दिला त्यांनी तीन नंबरचा बोअर खालच्या अंगाला चार शतांश मिलिमीटर निमुळता ठेवला होता. घरी बोअर गेज घातल्यावर कळलं. भांडण नको म्हणून दुसरीकडे नेला. तिथले मामा मात्र हातातला पिस्टन मागितल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत. "पिस्टन आण, मग बोअर सांगतो," एवढंच बोलणं. तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

मोजमापाला जेवढा वेळ गेला तेवढा बाकी कशालाच गेला नाही. हेडच्या चारही चेंबरचं माप मी औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने काढलं. ॲक्रिलिकच्या तुकड्याला भोक पाडायचं, कडेला ग्रीस लावून चेंबरवर दाबायचा आणि रंगीत पाणी किती मावतं ते बघायचं. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चेंबरमध्ये 1.2 सीसीचा फरक निघाला. पिस्टनचं वजन करायला गुजरीतल्या सराफ मित्राच्या पेढीवर गेलो. शेजारी बायका पाटल्या बघत होत्या आणि काट्यावर माझे चार पिस्टन. जड-हलक्यात 3.4 ग्रॅमचा फरक. जड पिस्टन आतल्या बाजूने घासून आणतो म्हटल्यावर मित्र म्हणाला, "घट कुणाच्या खात्यावर धरू?" चौथ्या खेपेला चारही अर्ध्या ग्रॅमच्या आत आले.

कुणाला हा वेडेपणा वाटेल, पण हिशोब करून बघा. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75.5 मिलिमीटर आणि मिनिटाला 7,000 फेरे धरले तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 17.6 मीटर होतो. वरच्या टोकाला त्याला थांबवून उलटं फिरवायचं म्हणजे एका ग्रॅमचा फरक क्रँकला दोन किलोहून जास्त ओढ देतो. आज 6,500 ला स्टिअरिंग हातात गुळगुळीत लागतं ते त्या काट्यामुळे.

आता ती चूक. होनिंग झाल्यावर ब्लॉक मी रॉकेलने धुतला. दोनदा धुतला, हवा मारली, हात फिरवला, चकचकीत. रिंगांची फट 0.30 मिलिमीटर बरोबर मिळवली, बेअरिंगची फट प्लास्टिगेज या दबणाऱ्या बारीक तारेने तपासली, हेडचे बोल्ट मधून बाहेर तीन टप्प्यांत आवळले. खंडेनवमीला टॉर्क रेंचला हळदकुंकू वाहिलं आणि दसऱ्याला इंजिन चालू केलं. आवाज असा की शेजारच्या काकांनी येऊन पेढा मागितला. सहाशे किलोमीटरनंतर डिपस्टिकच्या नळीतून फसफस यायला लागली, मागं निळसर धूर. कॉम्प्रेशन बघितलं तर तीन सिलिंडर 180 पीएसआयच्या वर आणि तीन नंबरचा 135.

खोलल्यावर मामांनी खिशातला पांढरा रुमाल तेलात बुडवून बोअरमधून फिरवला. रुमाल राखाडी. होनिंगच्या दगडाची बारीक पूड बोअरच्या रेघांत अडकून बसते. रॉकेल तिला फक्त पसरवतं. ती काढायला कढत पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश लागतो, मग लगेच तेल, नाहीतर दहा मिनिटांत गंज धरतो. पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत हे करायचं. सहाशे किलोमीटर मी रिंगांना पॉलिश पेपर लावून गाडी चालवत होतो. नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, तीन नंबरला नवा पिस्टन, परत होनिंग. ब्लॉक दुसऱ्यांदा आईच्या न्हाणीघरात धुतला, त्या मोरीवरून अजून बोलणी खातो. या लिखाणातले 9,000 किलोमीटर दुसऱ्या बांधणीनंतरचे.

हेड 0.8 मिलिमीटर घासून उतरवलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, त्यात कॅम उंच. म्हणून पिस्टनवर पोरांची खेळायची माती थापली, जुनं गॅस्केट टाकून हेड बसवलं, हाताने क्रँक दोन फेरे फिरवून परत खोललं आणि दबलेली माती ब्लेडने कापून व्हर्नियरने मोजली. इनटेकला 2.2, एक्झॉस्टला 2.7. चालतंय. हेड खाली आल्याने बेल्टचं अंतर कमी होऊन कॅम थोडा मागे पडतो, हे लक्षात न घेता खुणा जुळवल्या तर खालचा पिकअप अजून जातो. मी सरकती पुली करून घेतली.

वापरात कसं आहे? 4,000 च्या वर उत्तम. कात्रजच्या चढाला तिसऱ्यात जे ओढतं ते मूळ गाडीत नव्हतंच. 4,000 च्या खाली मूळचं इंजिन याच्यापेक्षा चांगलं होतं, हे कबूल करतो. बिनखांबी गणेशाजवळच्या गर्दीत क्लच दाबून पाय भरून येतो. आयडल 1,100 ला ठेवावं लागतं, एसी लावला की हुंदके देतं. दोष सगळा कॅमचा. शंभरातले ऐंशी दिवस गाडी ऑफिसला जाते आणि मी कॅम ऑटोक्रॉसच्या शर्यतीचा घातला. अॅव्हरेज गावात 10, हायवेला 14.

स्पीडुइनोबद्दल बरंच लिहिता येईल. आर्डुइनो मेगावर चालणारा हा बोर्ड सोल्डरिंग येत असेल तर स्वस्तात पडतो, फाइल लॅपटॉपवर उघडून आपणच बदलायची. क्रँक कुठे आहे ते बोर्डाला कळावं म्हणून 36 दातांतला एक काढलेलं चाक लावलं, एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर बसवला. पंपावर ई20 यायला लागल्यावर त्याचा खरा उपयोग झाला. हवा-पेट्रोलचं जुनं 14.7 चं गणित 20 टक्के इथेनॉलला लागू पडत नाही, ते साडेतेराच्या आसपास येतं. या आकड्यांच्या मागे न लागता लॅम्डा धरून (1 म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त) ट्यूनिंग केलं, फुल्ल थ्रॉटलला 0.88, की प्रश्न मिटतो. एक मात्र झालं, सातव्या महिन्यात टाकीजवळचा जुना रबरी पाइप फुगून पाझरायला लागला. डिकीत पेट्रोलचा वास आला म्हणून वाचलो. जुन्या गाडीत इंधनाचे सगळे पाइप आधी बदला, मग इंजिनला हात घाला.

ऑइल हजार किलोमीटरला दीडशे मिली खातं, पहिल्या हजारानंतर आकडा वाढलेला नाही. कॉम्प्रेशन मागच्या रविवारी पुन्हा घेतलं: 192, 190, 188, 191. तीन नंबर 188, म्हणजे आता तोही रांगेत.

दिवाळीच्या सुट्टीत मूळ कॅम परत बसवतोय. पाच-सहा बीएचपी जातील. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग एवढं सगळं केलंस कशाला?" आणि माझ्या हातातला कॅम घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून लोब बघत बसले.